‘देवाचं चॅनेल’ आधी बंद करा

ख्रिस्ती माणसाने टीव्हीवर काय पाहू नये याची यादी मला तोंडपाठ आहे. चंद्रपूरच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही असेल. भुताखेतांच्या मालिका नकोत. राशिभविष्य नको. अंगप्रदर्शनाची गाणी नकोत. सासू-सुनांची कारस्थानं नकोत (ही अट आया-मावश्यांनीच मोडीत काढली, त्यामुळे फार टिकली नाही). दुसऱ्यांच्या देवांच्या मालिका पाहाव्यात की नाही यावर दोन तट. आणि रविवारी सकाळी तर टीव्हीच नको.

या यादीत एक गोष्ट मात्र मी कधीच ऐकली नाही. कोट घातलेला उपदेशक स्टेजवर येरझाऱ्या घालतोय, समोर हजारोंची गर्दी, कुणाची तरी कुबडी हवेत उंचावलेली, कॅमेरा रडणाऱ्या चेहऱ्यावर, आणि खालच्या पट्टीत प्रार्थनेसाठी फोन नंबर अन् दान पाठवायला बँकेचा खाते क्रमांक. याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. उलट आजीच्या खोलीतला टीव्ही दिवसभर तिथेच लावून ठेवलेला असतो. का? तर ते ‘देवाचं चॅनेल’ आहे!

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचंय त्यांचा वेळ वाचेल. ख्रिस्ती घरात टीव्हीवरच्या ज्या कार्यक्रमापासून विश्वासाला सगळ्यात जास्त धोका आहे, तो येशूचं नाव घेऊनच येतो. बाकीच्या यादीवर नंतर निवांत भांडू. आधी तो बंद करा.

तर मंडळी... (आमच्याकडे चर्चलाच ‘मंडळी’ म्हणतात, त्यामुळे हा शब्द वापरला की मला स्वतःलाच उपदेशाला उभं राहिल्यासारखं वाटतं. असो.) ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. नावं बदला, तुमच्या घरातही असं एखादं चॅनेल सापडेल.

आधी यादीचं बघू. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ब्लॅकलिस्ट म्हणतो. जे वाईट म्हणून माहीत आहे ते लिहून ठेवायचं आणि तेवढंच अडवायचं. यातली गोची कुठल्याही ज्युनिअर इंजिनिअरला ठाऊक असते. यादी नेहमी कालच्या धोक्यांची असते, आजचा धोका तिच्यात नसतोच. कॅथलिक चर्चने हा प्रयोग चारशे वर्षं करून पाहिला. निषिद्ध पुस्तकांची सूची १५५९ साली निघाली आणि १९६६ साली चर्चनेच ती गुंडाळली. त्याआधी, डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांवर ‘इंटर मिरिफिका’ नावाचा एक छोटा दस्तऐवज काढला होता. त्यात निवडीची जबाबदारी पाहणाऱ्यावर आणि ऐकणाऱ्यावरही टाकलेली आहे. आपली सदसद्विवेकबुद्धी तयार करा आणि मग निवडा, असा एकूण सूर.

टीव्हीशी चर्चचं मुळात वैर नाहीच. १९५८ साली पोप बारावे पायस यांनी असिसीच्या संत क्लाराला चक्क टीव्हीची आश्रयदाती संत ठरवलं. का, तर आजारपणामुळे तिला नाताळच्या उपासनेला जाता आलं नाही, तेव्हा ती उपासना तिला आपल्या खोलीतच दिसली, अशी आख्यायिका आहे. तेराव्या शतकातलं लाइव्ह टेलिकास्ट :)

आता ‘दुसऱ्यांच्या देवांच्या मालिकां’बद्दल. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. वार रविवार, वेळ सकाळी साडेनऊ. म्हणजे बरोब्बर उपासनेच्या वेळेवर! ख्रिस्ती घरांत यावरून जे वाद झाले ते मी मोठ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेत की तो काळ स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. एक बाजू म्हणायची, मूर्तिपूजा आहे, बंद करा. दुसरी म्हणायची, अहो गोष्ट तर आहे, बघितली म्हणून काय होतंय.

गंमत म्हणजे या वादाचं उत्तर एकोणीसशे वर्षं आधीच देऊन झालं होतं. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना असाच प्रश्न पडला होता. बाजारात मिळणारं मटण आधी देवळात नैवेद्याला दाखवलेलं असायचं, मग ते खायचं की नाही? पौलाने पहिल्या पत्रात त्यावर तीन अध्याय घालवलेत. सार असं: मूर्तीला तुम्ही घाबरायचं कारण नाही, बाजारातलं मटण फार चौकशा न करता खा. पण तुमच्या खाण्यामुळे एखादा कच्चा भाऊ अडखळणार असेल, तर त्याच्यासाठी सोडून द्या. म्हणजे ‘कुणाच्या देवाचं आहे’ याला पौलाने महत्त्वच दिलं नाही. यातून माझं काय होतं आणि माझ्या शेजाऱ्याचं काय होतं, एवढंच त्याला बघायचंय.

या हिशेबाने शेजाऱ्यांच्या घरात सतरंजीवर बसून ‘रामायण’ बघणाऱ्या ख्रिस्ती पोराचं काहीही बिघडत नव्हतं. उपासना बुडवून बघितलं तर तो वेळापत्रकाचा घोळ, धर्माचा नाही. आणि २८ मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये तीच मालिका पुन्हा लागली तेव्हा तर चर्चच बंद होती, त्यामुळे तो घोळही राहिला नव्हता.

ही पौलाची फूटपट्टी मी मोडीत काढायला निघालेलो नाही. मी तीच ‘देवाच्या चॅनेल’ला लावतोय. तिथे मात्र सगळे बिथरतात.

फिशिंगचा मेल कधी चोराच्या नावाने येतो का? तो तुमच्याच बँकेच्या नावाने येतो. वर बँकेचा लोगो, मग भीती (‘तुमचं खाते बंद होणार आहे’), मग घाई (‘चोवीस तासांच्या आत’) आणि शेवटी एक बटण. ज्या नावावर तुमचा विश्वास नाही त्या नावाने तुम्हाला फसवता येतच नाही. आता चमत्काराच्या कार्यक्रमाची घडण बघा. वर येशूचं नाव. मग भीती: तुमच्या घराण्याला शाप आहे, दुष्टात्म्याचं बंधन आहे. मग घाई: आत्ता, या क्षणी पडद्यावर हात ठेवा. आणि शेवटी ‘विश्वासाचं बीज’ पेरा, म्हणजे पैसे पाठवा, कितीतरी पट होऊन परत येतील. येशूने मेंढरांच्या वेशात येणाऱ्या लांडग्यांबद्दल सावध केलं होतं ते उगाच नाही. फिशिंग फिल्टरची कल्पना जुनीच आहे म्हणायची.

अमेरिकेत हा धंदा जुना आहे, म्हणून तिथला एक दाखला देतो. नोव्हेंबर २००७ मध्ये सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी सहा मोठ्या टीव्ही उपदेशकांच्या संस्थांकडे विमानं, घरं आणि पगार यांचा हिशेब मागितला. आपल्याकडच्या पडद्यांवर ओळखीची असलेली बेनी हिन आणि जॉइस मायर ही नावंही त्यात होती. त्या दोघांनी सहकार्य केलं, इतर चौघांनी पूर्ण माहिती दिली नाही. जानेवारी २०११ मध्ये अहवाल आला आणि कुणालाही शिक्षा न होता प्रकरण मिटलं. २०१९ साली बेनी हिन यांनी स्वतःच सांगितलं की समृद्धीच्या शिकवणुकीबद्दलचं त्यांचं मत बदललंय, सुवार्तेला किंमत लावणं त्यांना आता पटत नाही. बोलणाऱ्यानेच शब्द मागे घेतले, पण ऐकणारे अजून तिथेच बसलेत.

बरं, ज्याच्या नावाने हे चालतं तो स्वतः काय करत होता? बायबल घरात आहेच, काढून बघा. मार्कच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी बरा होतो. येशू त्याला ताकीद देतो की कुणाजवळ बोलू नकोस, जाऊन याजकाला दाखव. त्या काळी रोग गेला की नाही हे तपासायचं काम याजकाचं होतं. थोडक्यात, जाहिरात नको, तपासणी करून घे. टीव्हीवर नेमकं उलटं चालतं. जाहिरात जगभर होते आणि तपासणीचं नाव काढलं की तुम्ही अविश्वासी.

मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सुचवतो. खाली देवदूत झेलतील, केवढा इव्हेंट! येशू नाही म्हणतो. शुभवर्तमानात हा तमाशा ‘मोह’ या सदरात मोडतो. आणि योहानच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडे बघून विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. पिढीजात शापाच्या दुकानाला तिथेच कुलूप लागलं होतं. आपण ते पुन्हा उघडलंय.

पुण्यात बसून हा विषय करमणुकीचा वाटतो. हाफिसात चहा पिताना आपण अशा क्लिप बघून हसतो. पण मी ज्या भागातला आहे तिथे हसू येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल हा आजार घराघरांत आहे, आदिवासी समाजात विशेष. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तर मूल आजारी पडतं. अंग ठणकतं, रक्त कमी होतं, वारंवार दवाखाना. रक्ताच्या तपासणीत तो कळतो, त्रास कमी करणारी औषधं आहेत, लग्नाआधी तपासून घेता येतं. आता अशा घरात टीव्ही सांगतो की हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शाप आहे आणि तो तोडायला हवा. ऐकणाऱ्या आईला ते खरंच वाटणार, कारण आजार आईबापाकडून आलाय हे तिला डॉक्टरनेही सांगितलेलं असतं. आईबापाकडून जनुक येतं, अपराध येत नाही, हे तिला समजावून सांगायला त्या वेळी कोण बसलेलं असतं?

दुसरं म्हणजे भानामती आणि करणी. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून सात जणांना बांधून मारलं. त्यात म्हातारी माणसंही होती. मे २०२४ मध्ये गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात, जादूटोण्याच्या संशयावरून दोघांना जिवंत जाळलं. या घटनांशी कुठल्या चॅनेलचा किंवा चर्चचा संबंध आहे असं मी अजिबात म्हणत नाही. मी एवढंच म्हणतोय की ‘आजार झाला म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंय’ हा समज जिथे माणसं मारतो, तिथे त्याच समजाला बायबलची वचनं चिकटवून घरोघर पोचवणं याला सुवार्ता म्हणता येणार नाही. हा आपला जुना देवऋषीच आहे. फक्त त्याने कोट घातलाय आणि त्याची फी आता ऑनलाइन भरता येते.

आणि याचा मला जास्त राग येतो कारण आमच्याकडचा ख्रिस्ती वारसा असा नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास नागपुरात आले ते शाळा काढायला. नागपूरचं म्युअर मेमोरियल रुग्णालय त्याच स्कॉटिश मिशनचं. १९६२ साली रोमने ‘चांदा’ हे सिरो-मलबार चर्चचं केरळबाहेरचं मिशन क्षेत्र ठरवलं, बल्लारपूरला त्याचं केंद्र झालं, आणि केरळातून आलेल्या सिस्टरांनी शाळा अन् दवाखाने चालवले. ब्रह्मपुरीचं ख्रिस्तानंद रुग्णालय आमच्या भागात कुणालाही विचारा. या सिस्टर प्रार्थना करत नव्हत्या का? करत होत्या. पण सलाईन लावून झाल्यावर. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाच्या घरात ‘औषध बंद करून विश्वास दाखवा’ अशा वळणाचं बोलणं टीव्हीतून येतं आणि आपण आवाज वाढवतो, याची आपल्याला लाज वाटायला हवी.

आता नेहमीचे आक्षेप.

‘आजीला दिलासा मिळतो, तुझं काय जातं?’ दिलासा मिळतो, हे मान्य. पण त्या दिलाशाला बारीक अक्षरातली एक अट आहे. बरी झालीस तर उपदेशकाच्या प्रार्थनेने, नाही झालीस तर तुझा विश्वास कमी पडला. म्हणजे गुडघे दुखतात ते दुखतातच, वर म्हातारपणी आपण देवाला नापास झालो हा घोर. हा कसला दिलासा बाप्पा!

‘देवाला काही अशक्य आहे का?’ हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारताय. देवाच्या सामर्थ्याबद्दल मी शंका काढलेलीच नाही. आजारी माणसासाठी मीही प्रार्थना करतो. शंका आहे ती कॅमेऱ्यासमोर केलेल्या माणसाच्या दाव्याबद्दल. देवावर विश्वास ठेवणं आणि देवाचं नाव घेणाऱ्या प्रत्येकावर विश्वास ठेवणं यात फरक आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीलाही पौलाने सगळं पारखून घ्यायलाच सांगितलं होतं.

‘आधीच आपण मूठभर, लोक आपल्याकडे संशयाने बघतात, त्यात तू घरातली धुणी चौकात धुतोस.’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण यातली भीती खरी आहे. पण उत्तर उलटं आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर टीव्हीवरच्या ‘हनुमान चालिसा यंत्रा’च्या जाहिरातीचं प्रकरण होतं. दैवी चमत्कार होईल असा दावा करून अशा वस्तू टीव्हीवरून विकणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी माना डोलावल्या! मग अभिषेकाचं तेल आणि प्रार्थनेचा रुमाल यांना वेगळा न्याय का? याच कायद्याने साधी प्रार्थना, कीर्तन, उपासना यांना हात लावलेला नाही. साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडा करणं मात्र गुन्हा ठरवलंय. दुसऱ्याच्या यंत्राला हसायचं आणि आपल्या रुमालाला नमस्कार करायचा, असं वागलं तर लोकांनी संशय घेतला म्हणून तक्रार कशी करणार?

आणि आपण चौकात कधी गेलोच नाही असं थोडंच आहे? २००६ साली ‘द दा विंची कोड’ सिनेमा आला तेव्हा केवढा गदारोळ केला. सेन्सॉर बोर्डाने फक्त प्रौढांसाठी म्हणून प्रमाणपत्र दिलं, ही कथा काल्पनिक आहे अशी पाटी लावायला लावली. काही राज्यांनी बंदी घातली, आंध्र प्रदेशची बंदी पुढे उच्च न्यायालयाने उठवली. त्या सिनेमापायी चंद्रपूरात कुणी गोळ्या घेणं थांबवलं असेल असं वाटतं तुम्हाला? चमत्काराच्या बाजाराविरुद्ध आपण काढलेला एकही मोर्चा मला आठवत नाही. काल्पनिक असल्याची पाटी आपण कादंबरीवरच्या सिनेमाला मागितली. जिथे खरी गरज होती तिथे खाते क्रमांकाची पट्टी चालवून घेतली.

‘मग बघायचं तरी काय?’ हा मात्र रास्त प्रश्न आहे. नुसती मनाई करून कुणाचं भलं होत नाही. गोव्यातल्या फादर थॉमस स्टीफन्सला हे चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली, त्यांच्या जागी काही तरी द्या अशी मागणी होती. त्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं. भुकेल्याला उपासाचा उपदेश करण्याऐवजी त्याने पान वाढलं. सिरोंच्याच्या बाजूला लोक तेलुगू बोलतात. त्यांच्या भाषेत १९७८ मध्ये येशूच्या जीवनावर ‘करुणामयुडू’ निघाला, तोच हिंदीत ‘दयासागर’ म्हणून भारतभर गावोगाव पडदे बांधून दाखवला गेला. त्यातही चमत्कार आहेतच की. पण ते गोष्टीत आहेत. गोष्ट संपते, पडदा गुंडाळतात, माणूस विचार करत घरी जातो.

यादी हवीच असेल तर मी तीन प्रश्नांची देतो. कुठल्याही कार्यक्रमाला लावा, मग तो भजनाचा असो, बातम्यांचा असो की क्राइम शोचा.

१. हा दावा तपासू देतो का? कुठला आजार, कुठला दवाखाना, सहा महिन्यांनी तो माणूस कसा आहे, हे कधी दाखवतो का?

२. बघून झाल्यावर माझी भीती वाढते की कमी होते? आणि वाढत असेल तर तो कुणाकडे बोट दाखवतो? शेजारणीकडे? सुनेकडे? दुसऱ्या धर्माच्या माणसाकडे?

३. शेवटी पैसे कुणाकडून कुणाकडे जातात?

यात ‘रामायण’ सहज पास होतं. बऱ्याचशा सासू-सुना दुसऱ्या प्रश्नात अडकतात. आणि ‘देवाचं चॅनेल’ तिन्ही पेपरांत नापास होतं.

एक विनंती. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की आजीच्या हातातला रिमोट हिसकावून घेऊ नका. तिच्या बाजूला बसा, एक अख्खा कार्यक्रम तिच्याबरोबर बघा आणि हे तीन प्रश्न तिलाच विचारा. ती तुमच्यापेक्षा जास्त जग पाहिलेली बाई आहे, ढोंग तिला लवकर कळतं. मग मार्कचा पहिला अध्याय तिला वाचून दाखवा. आणि पट्टीवरच्या नंबराऐवजी तिच्या मोबाइलमध्ये तालुक्याच्या दवाखान्याचा नंबर टाकून द्या, मोठ्या अक्षरात. बरोबर १०८ पण.